'मेन' बुडाली नसती तर १८९८ चं युद्ध टळलं असतं का?

प्रश्न

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबामध्ये, हवाना बंदरात, अमेरिकेच्या 'मेन' युद्धनौकेत स्फोट झाला. २६० हून जास्त माणसं गेली. एप्रिल संपायच्या आत अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध सुरू झालं. गेला आठवडाभर मी यावरच वाचते आहे आणि एका जागी अडकले आहे. अमेरिकी चौकशी म्हणते बाहेरून पाणसुरुंग, स्पॅनिश चौकशी म्हणते स्फोट आतूनच. पण अमेरिकेला अंगावर ओढवून घेण्यात स्पेनचा काय फायदा होता? आणि स्पेनचा हात नसेल, तर हे युद्ध गैरसमजातून झालं असं म्हणायचं का?

उत्तर १

फायदा काहीच नव्हता. उलट शेजारी उभ्या असलेल्या 'अल्फोन्सो बारावा' या स्पॅनिश जहाजाच्या होड्यांनीच पाण्यातली माणसं वर काढली.

उत्तर २

मी बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिन विभागात होतो, त्यातली सहा वर्षं कोळशाच्या जहाजांवर. कोळसा आतल्या आत तापतो, आणि धूर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही होल्डमधला, म्हणजे माल भरायच्या जागेतला, कार्बन मोनॉक्साइड मोजत राहायचो. एका सफरीत आकडा रोज चढत गेला. हवेची सगळी तोंडं बंद केली आणि तो उतरेपर्यंत चार रात्री मी धड झोपलो नाही. आमच्याकडे निदान मोजायला यंत्र होतं.

'मेन'वर कोळशाच्या बंकरला लागूनच सहा इंची तोफांच्या दारूचं कोठार होतं, मध्ये पोलादी पडदी. अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल रिकोव्हर यांनी १९७६ मध्ये हेच मांडलं: बंकरमध्ये आग धुमसली, पडदी तापली, कोठार पेटलं. खलाशी पुढच्या भागात झोपायचे, म्हणजे जवळजवळ कोठारांच्या वरच. अधिकाऱ्यांच्या खोल्या मागे होत्या, म्हणून कप्तान सिग्सबी वाचले. ते त्या वेळी घरी पत्र लिहीत बसले होते.

सुरुंगाच्या बाजूचा मोठा पुरावा म्हणजे इंग्रजी व्ही अक्षर उलटं धरावं तसा वर वाकलेला जहाजाचा कणा. १९११ साली भोवती बांध घालून, पाणी उपसून सांगाडा उघडा केला. त्या वेळच्या अमेरिकी चौकशी मंडळानंही बाहेरचाच स्फोट म्हटलं, पण जागा वेगळी दाखवली. स्पॅनिश चौकशीचा मुद्दा मला जास्त पटतो: पाण्याचा स्तंभ कुणी पाहिला नाही, मेलेले मासे तरंगले नाहीत. यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. माझं मत कोळशाकडे.

उत्तर ३

'गैरसमज' हा शब्द मला खटकतो. क्यूबाच्या स्वातंत्र्याचा लढा १८९५ पासून चालू होता. स्पॅनिश जनरल वेलर यांनी खेड्यांतली माणसं उठवून छावण्यांत कोंडली, तिथे भुकेनं आणि रोगानं प्रचंड माणसं मेली. स्फोटाच्या सहाच दिवस आधी स्पॅनिश राजदूत दे लोमे यांचं, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना दुबळं म्हणणारं खासगी पत्र हर्स्ट यांच्या 'न्यूयॉर्क जर्नल'नं छापलं होतं. स्फोटानंतर याच वृत्तपत्रानं गुन्हेगार दाखवणाऱ्याला ५०,००० डॉलर देऊ केले. चौकशी सुरू होण्याआधीच गुन्हा घडल्याचं ठरून गेलं होतं.

मार्चअखेर अमेरिकी काँग्रेसपुढे आलेल्या चौकशी अहवालानं सुरुंग म्हटलं, पण जबाबदारी कुणावरही टाकली नाही. ते वाक्य कुणी वाचलं? पुढे डिसेंबरच्या तहात पोर्तो रिको, ग्वाम आणि दोन कोटी डॉलर मोजून फिलिपीन्स अमेरिकेकडे गेलं. क्यूबातल्या छावण्यांशी फिलिपीन्सचा काय संबंध?

प्रश्नकर्ती

'गैरसमज' मागे घेते. छावण्यांचं मी वरवर वाचून पुढे गेले होते, आता तिथूनच पुन्हा सुरुवात करते. पण युद्ध त्याच एप्रिलमध्ये पेटलं असतं, हे मला अजूनही पटत नाही.

उत्तर २

मलाही नाही. स्फोटाच्या रात्रीच सिग्सबींनी तार केली होती की पुढची माहिती मिळेपर्यंत लोकांनी मत बनवू नये. ज्याची माणसं त्याच रात्री गेली, तो थांबा म्हणत होता.