रझांचा बिंदू: कंपास फिरवला की झालं?

रेघोट्या: चित्रकार सय्यद हैदर रझांच्या बिंदूवरची, म्हणजे त्यांच्या चित्रांतल्या काळ्या वर्तुळावरची, कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, ‘रझांचा बिंदू म्हणजे कंपास फिरवा, काळा भरा, पिंडी ते ब्रह्मांडी म्हणा.’ 1950ला पॅरिसला गेलेला माणूस पुढची जवळजवळ तीस वर्षं निसर्गचित्रांशी झगडून बिंदूपाशी आला. मंडल्याकडच्या शाळेत गुरुजींनी भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बसवलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण चित्र गोष्टीवर उभं राहत नाही.

अस्तर: मग चित्रांची नावं झाकून बघा. ‘अंकुरण’, ‘प्रकृती-पुरुष’ काढून टाका, भूमिती उरते. चैतन्य नावात आहे, रंगात नाही.

रेघोट्या: रंगातच आहे! काळ्याभोवतीची करडी वलयं एकेक छटा उजळत गेली की मधला काळा विहिरीसारखा खोल जातो. त्याला लागून थेट पांढरा लावा, तोच काळा ठिगळासारखा पुढे येतो. बघणारा आत ओढला जातो तो या छटांमुळे.

जवसतेल: आधी काळा कुठला ते बोला. आयव्हरी ब्लॅक हा काळा तेलात जाड थापतात, तो लवकर वाळत नाही. वर पटकन वाळणारा पातळ थर दिला की भेगा. अल्ट्रामरिन निळा दोन भाग, बर्न्ट अंबर तपकिरी एक भाग घ्या, काळ्याला खोली येते.

अस्तर: तेल आणलंत कुठून? रझा 1962मध्ये अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, त्यानंतर ऍक्रिलिककडे, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगांकडे वळले. दोन मीटर बाय दोन मीटरचं ‘सौराष्ट्र’ (1983) हे चित्र ऍक्रिलिकच आहे. त्यातला बाइंडर, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा द्रव, ओला असताना दुधट, वाळला की पारदर्शक, म्हणून छटा गडद होते. वलयं ओल्यावर जुळवलीत तर वाळल्यावर दोन एकसारखी दिसतील. आधी कागदावर पट्टे ओढून वाळवा.

जवसतेल: ऍक्रिलिकचं मान्य. पण मिश्र काळा त्यातही हवाच. मार्स ब्लॅक हा तयार काळा झाकतो चांगला, खोली देत नाही.

रेघोट्या: चर्चा बिंदूची आहे, काळ्याची नाही!

जवसतेल: काळ्याशिवाय बिंदू कसला? आवाज चढवू नका. आणि एवढ्या कॅनव्हासवर कंपास पुरतच नाही. सुतळी बांधून फिरवली तर ती ताणली जाते, वर्तुळ अंडाकृती होतं. भोकं पाडलेली लाकडी पट्टी फिरवा. वळणावर मास्किंग टेप लावू नका, सुरकुत्यांतून रंग पाझरतो. कड हातानेच भरा.

अस्तर: छटांचं पटलं, नाइलाजाने. नावांचं नाही. 1981च्या ‘माँ’ या चित्रात तर कॅनव्हासवरच हिंदी कवी अशोक वाजपेयींच्या कवितेची ओळ आहे. रंग पुरला असता तर ओळ कशाला लागली असती?

रेघोट्या: पूजेच्या यंत्राकृतीत मंत्राचं बीजाक्षर कशाला लागतं? ते यंत्राचाच भाग असतं. ही ओळही तशीच, चित्रातली.