मदत हवी: मॉकच्या असर्टमध्ये फ्लोट आर्ग्युमेंट थोडा फरक धरून कसं जुळवायचं?

नमस्कार मंडळी. पायथन आणि पायटेस्ट (कोड तपासायचं साधन) वापरतोय, मॉकसाठी, म्हणजे टेस्टमध्ये खऱ्या सेवेच्या जागी ठेवायच्या नकली वस्तूसाठी, युनिटटेस्टमधलंच मॉड्यूल.

माझं फंक्शन पुण्यातल्या काही थांब्यांचा मध्यबिंदू आणि त्रिज्या काढून नकाशा-सेवेला एक डिक्शनरी पाठवतं. टेस्टमध्ये सेवा मॉक केली आहे आणि असर्ट_कॉल्ड_वन्स_विथ लावलंय, म्हणजे सेवा एकदाच आणि याच आर्ग्युमेंटांनी (पाठवलेल्या मूल्यांनी) बोलावली का ते तपासतोय. ०.१ आणि ०.२ ची बेरीज होऊन त्रिज्या ०.३००००००००००००…४ अशी जाते, मी ०.३ लिहिलेलं असतं, टेस्ट फेल. मॉक आर्ग्युमेंटं तंतोतंत समान आहेत का एवढंच बघतो, हे कळतंय.

टीममधून सल्ला आला की मूळ कोडमध्येच राउंड करा. केवळ टेस्ट पास व्हावी म्हणून खरा हिशोब बदलणं मला अजिबात पटत नाही. मॉकचं एनी (कुठल्याही मूल्याशी जुळणारं) टाकलं तर त्रिज्या शंभरपट चुकली तरी टेस्ट पासच होणार.

पायटेस्टचं अप्रॉक्स (थोडा फरक चालवून घेणारी तुलना) पूर्ण डिक्शनरीभोवती लावलं, तर टाइपएरर येतो, कारण आत अक्षांश-रेखांशांची आणखी एक डिक्शनरी आहे. कॉल_आर्ग्ज (मॉकने नोंदवलेली आर्ग्युमेंटं) काढून एकेक आकडा तपासता येतो, पण अशा टेस्ट बऱ्याच आहेत. काही सुटसुटीत मार्ग?

उत्तर:
अप्रॉक्स बाहेरून लावू नका, आतल्या प्रत्येक आकड्याला लावा. बाहेरच्या डिक्शनरी साध्याच ठेवा. पायथन तुलना करत आतपर्यंत जातो आणि आकड्यापाशी पोचला की अप्रॉक्सची स्वतःची समानता चालते. असर्ट_कॉल्ड_वन्स_विथ आहे तसंच राहू द्या.

मात्र अप्रॉक्सची डिफॉल्ट सूट, म्हणजे चालणारा फरक, तशीच ठेवू नका. ती सापेक्ष असते, अपेक्षित आकड्याच्या दहा लाखांत एक भाग. ७३.८५ रेखांशाला ही सूट पुण्यात जमिनीवर जवळपास ८ मीटर होते, १८.५२ अक्षांशाला साधारण २ मीटर. एकाच बिंदूला दोन दिशांत दोन मापं कशाला? ॲब्स, म्हणजे आकड्यावर अवलंबून नसलेली ठरावीक सूट, द्या, ०.०००००१ अंश म्हणजे ११ सेंटिमीटरच्या आसपास. फक्त ॲब्स दिलं की सापेक्ष सूट विचारात घेतलीच जात नाही.

प्रश्नकर्ता:
चाललं, मनापासून आभार! एकच थांबा असेल तेव्हा त्रिज्या शून्य अपेक्षित असते. तिथेही ॲब्स लागेल ना?

उत्तर:
हो, नक्की द्या. शून्याचा दहा लाखावा भाग शून्यच, त्यामुळे तिथे फक्त डिफॉल्ट ॲब्स उरतं, आणि ते दशांश चिन्हानंतर बाराव्या घरातला १ इतकं बारीक आहे. त्रिज्या किलोमीटरमध्ये असेल तर ०.००१ ठेवा, म्हणजे एक मीटर.