मार्ल म्हणजे शेणखत नव्हे

इंग्लंडमध्ये पूर्वी शेतात मार्ल घालायचे, त्यावरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलं, 'मार्ल म्हणजे त्या काळचं शेणखतच'. हे म्हणणं पटलं नाही. मार्ल म्हणजे चुनखडीयुक्त चिकणमाती. नत्र तिच्यात जवळजवळ नसतंच. चुन्याने जमिनीचा आम्लपणा मोडतो आणि इंग्लंडमधल्या नॉरफोकसारख्या रेताड रानात चिकणमाती ओल धरून ठेवते. शेणखत वेगळं घालावं लागायचंच.

टिकाऊपणाबद्दल मात्र कुणी बोललं नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की ब्रिटनमध्ये पांढरं मार्ल 100 फूट खोलीवरून काढतात नि ते 80 वर्षं पुरतं. एकाच रानात हयातीत दोनदा घातलेला माणूस म्हणे सापडत नाही! (आकडा मला फुगवलेला वाटतो.) इंग्लंडमधल्याच चेशर भागातल्या शेतांत आज दिसणारी कितीतरी तळी म्हणजे पाणी भरलेले मार्लचे जुने खड्डेच.