अनुभव धागा: पोटातच गेलेले बाळ आणि प्रसूतिसेवा

जगभरात दरवर्षी सुमारे 19 लाख बाळे गर्भधारणेच्या 28 आठवड्यांनंतर मृतावस्थेत जन्मतात. त्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक बाळे कळा सुरू झाल्यानंतर, म्हणजे देखरेख सर्वाधिक असायला हवी त्याच वेळी, दगावतात. ज्यांनी हे सोसले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कोणाचेही नाव न घेता येथे लिहावे. काय टाळता आले असते आणि नंतर कशाने आधार मिळाला, हे दोन्ही यावे.

एक आई: छत्तिसाव्या आठवड्यात बाळाची हालचाल मंदावली, म्हणून मी फोन केला. "दिवस भरत आले की जागा कमी पडते, गोड खाऊन डाव्या कुशीवर पडा," असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी पडदा स्वतःकडे वळवला, तेव्हाच मला कळून चुकले. शेवटच्या आठवड्यांत हालचालीचे स्वरूप बदलू शकते, पण ती कमी होणे स्वाभाविक नसते आणि त्यासाठी त्याच दिवशी तपासणी हवी, हे मला पुढच्या गरोदरपणात नव्या डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा रात्री-अपरात्री गेले तरी पोटाला पट्टा लावून ठोक्यांचा आलेख काढला जाई आणि गरज वाटल्यास नाळेतील रक्तप्रवाहही पाहिला जाई. "उगाच आलात" असे एकदाही ऐकावे लागले नाही.

एक वडील: आमच्यापुढे सह्यांचे कागद लगेच आले, पण वार (गर्भाशयात बाळाला नाळेतून पोषण पुरवणारा अवयव, प्लासेंटा) तपासणीसाठी पाठवता येते हे कोणीच सांगितले नाही. ती टाकून दिली गेली आणि कारण कायमचे अज्ञात राहिले.

प्रसूतिकक्षातील परिचारिका: वाढलेला रक्तदाब, मधुमेह, सिफिलिस आणि बाळाची खुंटलेली वाढ, यांपैकी बरेच काही साध्या तपासण्यांत आणि पोटावर धरलेल्या टेपने लक्षात येऊ शकते, मात्र प्रत्येक भेटीतील मोजमाप मागच्या नोंदीशी ताडून पाहावे लागते, आणि गर्दीत नेमके तेच राहते. प्रसंग ओढवलाच, तर बाळाला पाहायचे आहे का, हे मी दोनदा विचारते, कारण पहिला नकार पुष्कळदा धक्क्यातून आलेला असतो. दुसऱ्यांदाही नको म्हटले, तर आग्रह धरत नाही. पावलांचे ठसे मात्र आईवडिलांची संमती असल्यास घेऊन ठेवते. काही दिवसांत पान्हा फुटेल आणि तो थांबवण्यासाठी औषध असते, हे आईला घरी जाण्यापूर्वीच सांगायला हवे. (नातेवाईक हा विषय काढत नाहीत, असा माझा अनुभव आहे.) अशा आईची खाट तान्ह्या बाळांच्या खोलीत ठेवणे मला निव्वळ क्रूरपणा वाटतो.

आणखी एक आई: मी पुन्हा गरोदर आहे. दर भेटीत नवी व्यक्ती "पहिले मूल केवढे आहे?" असे विचारते. माझ्या फाईलच्या पहिल्याच पानावर ठळक नोंद असावी, एवढीच मागणी मी लेखी दिली आहे.