लिंगाची ताठरता टिकत नाही, चालण्याने फरक पडेल का?

प्रश्न: वय ४८, बैठं काम, बीपीची गोळी चालू. हल्ली ताठरता येते, पण टिकत नाही. रक्ताभिसरण सुधारलं तर उपयोग होईल का? बायकोच म्हणाली, लाजू नकोस, विचार.

उत्तर १: मला झाला. रोज अर्धा तास भरभर चालतो, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. सिगारेट मात्र पूर्ण सोडा, ती रक्तवाहिन्या आकसवते.

उत्तर २: आधी साखर, कोलेस्टेरॉल तपासा, हे मनापासून सांगतोय. लिंगाच्या धमन्या जेमतेम १-२ मिमीच्या, हृदयाच्या ३-४. म्हणून अडथळा कधीकधी इथे आधी जाणवतो. बीपीच्या काही गोळ्यांनीही असं होतं. परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

उत्तर ३: छातीदुखीसाठी नायट्रेट घेत असाल तर सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी, व्हायग्रातलं औषध) अजिबात नको. बीपी एकदम कोसळतं.