मदत हवी आहे: एमजी गाडीला गंज लागलाय, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत रंगवून हवी

गिरणाकाठचा
मंडळी, जरा लवकर सांगा. आमच्या एमजीला बराच गंज लागलाय. दाराखालची पट्टी, मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा आणि सीटच्या मागे खाली. आखाजी झाली की लगेच बहिणीचं लग्न आहे आणि नवरदेव ह्याच गाडीतून येणार असं बाबांनी सगळ्या भाऊबंदांत सांगून ठेवलंय. धुळ्याचा एक पेंटर म्हणतो, गंज घासतो, लांबी (पुट्टी) भरतो, वरून लाल ड्युको (थिनरमधला जुन्या पद्धतीचा रंग) मारतो, पंचवीस हजार द्या आणि दहा दिवसांनी गाडी न्या. जळगावचा दुसरा सव्वा लाख सांगतो आणि तारीख विचारली की गप्प बसतो. एवढा फरक कसा काय? ड्युको मारू की पीयू (हार्डनर घालून मारायचा पॉलियुरेथेन रंग)? गंज परत येऊ नये म्हणून काय लावतात? 'विकून टाका' हा सल्ला कृपया देऊ नये.

तापीतीर
एमजीची हेक्टर गाडी २०१९ ला बाजारात आली. एवढ्यात गंज?? कंपनीला मेल टाका, नाही ऐकलं तर ग्राहक मंच. माझ्या साडूने फ्रिजच्या केसमध्ये पैसे परत मिळवलेत, लागला तर कागदाचा नमुना पाठवतो.

गिरणाकाठचा
हेक्टर नाही हो. जुनी एमजी. दोन सीटची, उघडी.

वसंत_कार्ब्युरेटर
जुनी म्हणजे कोणती? टीसी, मिजेट, एमजीए की एमजीबी? एमजीए असेल तर खाली स्वतंत्र चॅसी आहे, बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. एमजीबीला चॅसीच नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. दोन्हींचं काम वेगळं, खर्च वेगळा. बॉनेटखाली एक छोटी पाटी असेल, तिच्यावरचा नंबर लिहा.

खान्देशी_भो
फोटू टाक ना भो. बिना फोटूनं कोन काय सांगी?

गिरणाकाठचा
फोटो अपलोड होत नाहीयेत. एमजीबी आहे, डिकीवर लिहिलंय. आजोबांनी मुंबईत एका पारशी गृहस्थांकडून घेतली होती. पाटीवर जीएचएन३ आणि पुढे आकडे. पण मी रंगाचं विचारलं होतं.

पीयू_प्रेमी
डोळे झाकून पीयू मारा. दोन हात बेस, त्यावर दोन हात क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. पेट्रोल सांडलं तरी डाग नाही, उन्हात फिका पडत नाही. ड्युको म्हणजे दर दिवाळीला रबिंग करत बसायचं. २०२६ मध्ये ड्युको कोण मारतं?

उस्ताद_गनवाले
आम्ही मारतो. जुन्या गाडीवर क्लिअर कोटचा चकचकाट डोळ्यांत खुपतो, काल शोरूममधून आणल्यासारखी दिसते. ड्युकोवर ओरखडा आला तर तेवढाच पॅच मारून घासून मिसळता येतो. आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून मारणारी पोरं मी पाहिली आहेत, पुढे दम्याचा पंप घेऊन फिरतात. कार्ट्रिजचा मास्क तरी पाहिजेच, खरं तर बाहेरून हवा पुरवणारा पाहिजे.

पीयू_प्रेमी
मास्क लावा मग, अडवलंय कोणी? ड्युकोचा थिनर काय गुलाबपाणी आहे का?

उस्ताद_गनवाले
धागाकर्ते, एक करून बघा. चिंधी थिनरमध्ये भिजवून आतल्या कुठल्यातरी कोपऱ्यात चोळा. चिंधीला रंग आला तर खाली ड्युको आहे. जुना साधा ऑइल पेंट असेल तर त्यावर थेट ड्युको मारू नका, थिनर खालचा थर उचलतो आणि सगळ्या रंगाला सुरकुत्या पडतात. दुसरं, आखाजीच्या उन्हात मारायचं तर स्लो थिनर घ्या. बेचाळीस डिग्रीला साधा थिनर पत्र्यावर पोचायच्या आत उडतो आणि रंग खरखरीत बसतो. पहाटे मारा, अकराला गन धुऊन मोकळे व्हा.

निवृत्त_फिटर_भुसावळ
रंगाचं नंतर बघू. गाडी एका बाजूने जॅकवर घ्या, दाराच्या साधारण मध्यावर, खाली जाड लाकडी फळी ठेवून. मग त्या बाजूचं दार उघडून परत लावून बघा आणि इथे लिहा. रेल्वेत आयुष्य गेलं, डब्याचा खालचा सांगाडा तपासल्याशिवाय आम्ही ब्रश हातात घेत नव्हतो.

बॅटरीवाला_इंजिनिअर
एवढा खर्च करताच आहात तर इंजिन काढून इलेक्ट्रिक किट बसवा. आवाज नाही, धूर नाही, वरातीत घोडी बिथरणार नाही.

वसंत_कार्ब्युरेटर
घोडीचं राहू द्या. जीएचएन३ म्हणजे पहिल्या मालिकेतली, १९६२ ते १९६७ मधली. पन्नास वर्षं कधीच उलटलीत. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार. अट अशी की गाडीत मोठे बदल केलेले नसावेत. मोटर घातली की ते दार बंद.

आरटीओ_जाणकार
व्हिंटेज नोंदणी करा, पण मग रोज बाजारात न्यायची नाही हे लक्षात ठेवा. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. वरात ह्यातल्या कशात बसवायची ते तुम्ही बघा. दुसरी गोष्ट, गाडीच्या पुस्तकात (आरसीत) रंग कोणता लिहिलाय? बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या.

गिरणाकाठचा
पुस्तकात पांढरा आहे, बाबांना लाल हवाय. इलेक्ट्रिक वगैरे नको.
फिटर काका, जॅक लावला. ड्रायव्हरकडचं दार उघडलं, पण परत लागेना. मागच्या बाजूला, कुलपाच्या वर अडतंय. जॅक काढला की व्यवस्थित लागतं. दुसऱ्या बाजूला असं होत नाही. बिजागरी सैल आहे का?

निवृत्त_फिटर_भुसावळ
बिजागरी नाही. गाडी मधून वाकते आहे. दाराखालची पट्टी आतून गेली.

वसंत_कार्ब्युरेटर
काकांनी नेमकं धरलं. आता सविस्तर लिहितो, कारण तुमच्या दोन पेंटरांच्या भावातला फरक इथेच आहे.

छप्पर नसलेल्या एमजीबीत पुढचा आणि मागचा भाग जोडून ठेवायचं मुख्य काम दाराखालच्या ह्या दोन पेट्या करतात. तुम्हाला बाहेरून दिसते ती फक्त वरची पट्टी. तिच्या आत एक उभा पडदा आहे, त्याच्या आत आणखी एक पट्टी आणि खाली कंगोऱ्यांची पट्टी, तिला कॅसल रेल म्हणतात. पाणी निघून जायला खाली भोकं असतात. त्यात चिखल बसला की पेटी आतून सडत जाते आणि बाहेरचा रंग शाबूत दिसतो. नीट काम करायचं तर पुढचा मडगार्ड खोलावा लागतो. तो नटबोल्टवर आहे, निघतो. मागचा मात्र वेल्ड केलेला असतो, त्याचा खालचा कोपरा कापूनच पट्टीचं मागचं टोक हाती लागतं. तुम्ही म्हणता तो चाकाच्या पुढचा गंज तिथलाच. सव्वा लाखवाला बहुतेक हे सगळं धरून बोलतोय. पंचवीस हजारवाला भोकावर लांबी थापणार. लांबी पाणी पिते आणि गंज आतून चालूच राहतो. पहिल्या पावसाळ्यानंतर फुगा येईल.

सीटच्या मागचा गंज म्हणजे बॅटरीचे खण. ह्या मॉडेलला सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे खाली बसवलेल्या असतात. ॲसिड सांडून पत्रा खाल्ला असेल. आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग घासा.

फायबर_किंग
वेल्डिंगच्या भानगडीत पडूच नका. फायबरची मॅट आणि रेझिन, दोन थर, दगडासारखं होतं. माझ्या मारुती व्हॅनचा फ्लोअर तसाच केलाय.

निवृत्त_फिटर_भुसावळ
व्हॅनचा फ्लोअर सामानाचं वजन धरतो, इथे पट्टीने गाडी धरलीये. रेझिन गंजक्या पत्र्याला चिकटणार, पत्रा सुटला की रेझिनही सुटणार. मध्ये माणूस बसलेला आहे.

अंजनी_१९
आमच्या अण्णांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनायची ती. बॉनेट मडगार्डासकट पुढे उलटायचं, पोरं बघायला गोळा व्हायची. एरंडोलहून पद्मालयाला आम्ही सातजण बसून गेलोय, डिकीत भरिताचं पातेलं. ती कुठल्या भंगारात गेली कोण जाणे.

खान्देशी_भो
भरीत आसोद्याच्या वांग्यांचं होतं का, ते आधी सांगा ताई.

अंजनी_१९
मग काय बामणोदच्या? 😄

खान्देशी_भो
आता बामणोदवाले येतील भांडायला. बसा.

गिरणाकाठचा
भरिताचा वेगळा धागा काढा राव. इथे माझं डोकं फिरलंय. कुणीतरी सांगितलं म्हणून गाडीभर चुंबक फिरवला. बॉनेटला कुठेच चिकटत नाही. अख्ख्या बॉनेटवर लांबी आहे का? आणि दाराखाली स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरा दाबला तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढताना काथ्याच्या रंगाचे पापुद्रे पडले आणि त्यांच्याबरोबर मूठभर वाळू.

वसंत_कार्ब्युरेटर
बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, सुरुवातीच्या गाड्यांना तसंच येत असे. चिकटला असता तर काळजी केली असती. फक्त त्यावर प्रायमर ॲल्युमिनियमवर धरणारा मारा, एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा, किंवा इपॉक्सी. नुसता रेड ऑक्साइड ठोकला तर रंग सालीसारखा निघेल.

केमिकल_काका
गंजावर माझा एकच उपाय. रस्ट कन्व्हर्टर. फॉस्फोरिक ॲसिडचं असतं, गंजाचं फॉस्फेट करतं, काळं पडलं की थेट रंग. कापाकापी कशाला?

उस्ताद_गनवाले
वरवरच्या तांबेऱ्याला ठीक आहे. जिथे पत्राच उरला नाही तिथे कशाचं काय कन्व्हर्ट करणार? शिवाय ॲसिड धुऊन, पुसून, पूर्ण वाळवल्याशिवाय वर इपॉक्सी प्रायमर धरत नाही, उलट तिथूनच फोड येतात. क्रम असा ठेवा: उघडा पत्रा, इपॉक्सी, मग पातळ लांबी, मग सरफेसर (घासून सपाट करायचा थर), मग रंग. सरफेसरवर गाडी पावसाळाभर उभी ठेवू नका, तो ओल ओढतो. थांबायचंच असेल तर इपॉक्सीवर थांबा.

पीयू_प्रेमी
आणि शेवटी पीयू.

उस्ताद_गनवाले
बरं बाबा, पीयू. पण दिवाळीनंतर मारू नका, धरणगाव पट्ट्यात तेव्हा जिनिंग सुरू असतात. कापसाचं तूस ओल्या रंगावर बसलं की पुन्हा वॉटर पेपर हातात.

निवृत्त_फिटर_भुसावळ
कापायच्या आधीचं ऐका. पट्टी कापली की आधाराशिवाय गाडी मधून बसते आणि मग नवी पट्टी वाकड्यावरच वेल्ड होते. दार जन्मात लागत नाही. म्हणून गाडी सपाट फरशीवर घ्या, दार बंद असताना चारी बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा. मग दार काढून त्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप आडवा वेल्ड करा. एका वेळी एकच बाजू. सीओटू (तारेचं, मिग) वेल्डिंगच पाहिजे, गॅसने पत्रा तापून लाटा येतात. एका टोकाकडून दुसरीकडे सलग ओढत नेऊ नका. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्या. दर थोड्या वेळाने दार टेकवून फट बघा.
बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी सोडा. पेट्रोलची टाकी मागे खाली आहे, ती पूर्ण काढून लांब ठेवा. रिकामी टाकी जास्त धोक्याची, आत वाफ असते.

वसंत_कार्ब्युरेटर
+१. पट्ट्या नव्या मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची इंग्लंडची संस्था आहे, एमजीबीची आख्खी नवी बॉडीसुद्धा १९८८ पासून बनवते. जहाजाने यायला वेळ आणि वर कस्टम ड्युटी. बाहेरची पट्टी आणि कॅसल रेल तिकडून मागवा, ते आकार इथे नीट जमत नाहीत. आतला उभा पडदा आणि बॅटरीचे खण साधे आहेत, एक मिलिमीटरच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून इथेच होतील. सगळं झालं की पेटीच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) सोडा आणि खालची भोकं रंगाने बुजली नाहीत ना ते तारेने बघा. गंज परत येऊ नये म्हणून काय, हे तुम्ही विचारलं होतं, त्याचं उत्तर एवढंच.

तापीतीर
मग वॉरंटीचं काय झालं शेवटी?

गिरणाकाठचा
बाबांशी बोललो. आधी चिडले, मग स्वतः जाऊन स्क्रू ड्रायव्हर घालून आले आणि गप्प झाले. धुळेवाल्याला नाही कळवलंय. लग्नात गाडी मांडवाच्या दाराशी नुसती उभी करायची ठरतंय, आहे त्याच रंगात, पॉलिश मारून. नवरदेव काकांच्या बोलेरोत. पट्ट्यांची ऑर्डर लग्नानंतर. लाल की पांढरा ह्यावर घरात अजून भांडण चालू आहे.
फिटर काका, ट्रॉलीवर चढवताना आणि उतरवताना कुठे आधार द्यायचा? दाराखाली तर आता काहीच धरणार नाही. आणि जळगाव एमआयडीसीत सीआर पत्रा बेंड करून देणारं कोणी माहीत आहे का, थोडकं काम घेणारं?

निवृत्त_फिटर_भुसावळ
दाराखाली जॅक आता अजिबात नको. पुढे सस्पेन्शनच्या क्रॉस मेंबरखाली (आडव्या तुळईखाली), मागे ॲक्सलखाली. ट्रॉलीवर चाकांवरच ढकला, माणसं बसवू नका. बेंडिंगवाले पुष्कळ आहेत, कूलरच्या बॉडी करतात त्यांना विचारा, पण उन्हाळ्यात ते तुमच्याकडे बघणारही नाहीत. जूनमध्ये जा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून न्या, तोंडी माप सांगू नका.

खान्देशी_भो
आनि फोटू टाक.