नर्व्ह टेस्ट नॉर्मल, तरी मुंग्या खऱ्याच

ताई, पायाला मुंग्या येतात तरी नर्व्ह कंडक्शन टेस्ट नॉर्मल कशी, एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं) निदान चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. तेवढ्यावरून चुकलं म्हणता येणार नाही. ती टेस्ट हातापायांतल्या नसा तपासते. एमएसचा घाव असतो मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवर. मुंग्यांना दुसरं काही कारण नाही ना, हे बघायला ती करतात.

माझी व्हीईपी, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश किती वेळात पोचतो ते मोजणारी टेस्ट, कोथरूडला झाली. डोक्याला चिकट पेस्ट लावून वायरी, एका डोळ्यावर पट्टी आणि समोर पडद्यावर अदलाबदल होणारे काळे-पांढरे चौकोन. रिपोर्टात पी१०० ही लाट बघा. ती साधारण १०० मिलिसेकंदांच्या आसपास येते. माझ्या उजव्या डोळ्याची १२८ला आली. म्हणजे नसेवरचं मायलिनचं आवरण झिजल्यामुळे संदेश उशिरा पोचतोय. आकडा बघून मी रात्रभर रडले होते हो. पण नजर सुधारली तरी हा उशीर बऱ्याचदा तसाच राहतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून आजार वाढला असं धरू नका. प्रत्येक लॅबची मर्यादाही वेगळी असते, त्यांच्याच रेंजशी ताडून बघा.

एप्रिलच्या उन्हात लक्ष्मी रोडवरून आल्यावर नजर धूसर झाली, तर अंग थंड झाल्यावर बहुधा ओसरते. दिवसभर टिकली तर मात्र न्यूरॉलॉजिस्टना लगेच फोन करा.